दीड लाख कुठे गुंतवू, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८. अंबडला दोन लेथ मशिनचं छोटं वर्कशॉप, त्यातलं एक मशिन ते स्वतः चालवतात. घरी पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. साडेचार महिन्यांपूर्वी पहाटे त्र्यंबक रोडवर सायकल चालवत असताना मागून आलेल्या कारने त्यांना उडवलं. उजवं मनगट मोडलं, त्यात प्लेट बसवावी लागली. कार मालकाचा मुलगा चालवत होता, त्याचं नुकतंच लर्निंग लायसन्स निघालं होतं. मालक हॉस्पिटलात तीनदा भेटायला आले, 'माणूस सभ्य वाटला' म्हणून यांनी एफआयआर केला नाही. पोलिसांत नुसती स्टेशन डायरीची नोंद आहे. आता मालक दीड लाख रुपये द्यायला तयार आहेत. त्यासाठी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'माझी काहीही तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही' असं लिहून द्यायचं आहे. येत्या रविवारी सही.

त्यांचा प्रश्न असा: "हे दीड लाख माझा एजंट मित्र सुचवतो त्या एकरकमी विमा योजनेत टाकू का? तो म्हणतो तीन वर्षांत दुप्पट होतील. की एसआयपी बरी?"

आधी एजंटचं उरकतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी २६ टक्के. असा परतावा कोणतीही विमा योजना कबूल करू शकत नाही. जखमी माणसाच्या हातात पैसे पडण्याआधीच त्यावर योजना लावायला निघालेल्या मित्राला यापुढे पैशाचं काही विचारू नका.

आता सहीचं बोलू. रविवारी सही करू नका.

तुम्ही पत्रासोबत जो खर्च पाठवलाय, तो मी एकाखाली एक मांडला. हॉस्पिटलचं बिल १ लाख ८५ हजार, त्यातले मेडिक्लेममधून १ लाख २० हजार मिळाले, खिशातून ६५ हजार गेले. फिजिओथेरपी २० हजार. तीन महिने लेथवर ऑपरेटर ठेवला, त्याचे ६६ हजार. हातची ऑर्डर गेली, त्यातला नफा तुमच्याच अंदाजाने ८० हजार. सायकल ४५ हजारांची, ती संपली. पुढच्या वर्षी प्लेट काढायची आहे, त्याला डॉक्टरांनी ६० हजार सांगितलेत. बेरीज साधारण ३ लाख ३५ हजार. म्हणजे दीड लाख घेऊन तुम्ही पावणेदोन लाखांहून जास्त नुकसान स्वतःच्या खात्यावर घेताय, आणि उरलेल्या रकमेची गुंतवणूक कशी करू असं मला विचारताय. उरलेलं काहीच नाही.

यात मेडिक्लेमने दिलेले १ लाख २० हजार मी धरलेले नाहीत. ते धरता येतात. मेडिक्लेमचे हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला मिळू नये, म्हणून ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ बघा. अपघातात गंभीर दुखापत झाली, तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. म्हणजे समोरच्याची चूक सिद्ध न करता जे मिळू शकतं, त्याहून एक लाख कमी तुम्हाला देऊ केलेत. पण हे अडीच लाख घेतले की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून सगळ्या नुकसानीची भरपाई मागण्याचा, मोठा दावा संपतो, म्हणून तेही घाईने घेऊ नका.

मोठा दावा किती मोठा, ते सांगतो. तुम्ही लिहिलंय की उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी राहिलेली नाही, चक (लेथवर काम पकडून ठेवणारा भाग) घट्ट करताना मनगट दुखतं. ऑफिसात बसणाऱ्याला हे सोसण्यासारखं असेल, लेथवाल्याचं पोटच त्या पकडीवर आहे. हात किती टक्के निकामी झाला यापेक्षा त्यामुळे कमाई किती टक्के घटली हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात २०१० सालीच स्पष्ट केलं आहे. समजा ही घट १० टक्के धरली गेली. तुमची महिन्याची कमाई ६० हजार, वर्षाची ७ लाख २० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला पुढच्या वाढीसाठी ४० टक्के अधिक धरतात, ते झाले साधारण १० लाख. त्याचे १० टक्के म्हणजे एक लाख. वर्षाचं नुकसान किती पटीने धरायचं ते वयावर ठरतं, तुमच्या वयाला हा गुणक १५. एकूण पंधरा लाखांच्या आसपास.

आणि इथे तुमची एक जुनी चूक आडवी येते. आयकर विवरणपत्रात तुम्ही उत्पन्न दाखवता वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला तीस हजार. निम्मं. भरपाई ठरवणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मुख्यतः विवरणपत्र बघतं. त्यामुळे पंधराचे साडेसात लाख होतात. इतकी वर्षं जो कर वाचवला असं वाटत होतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम एका सकाळी गेली. आता घाईने वाढीव उत्पन्नाचं विवरणपत्र भरू नका, अपघातानंतर भरलेल्या आकड्याकडे संशयाने बघितलं जातं. बँकेचे उतारे, जीएसटीची विवरणपत्रं, कारखान्यांच्या खरेदी ऑर्डरी गोळा करा आणि वकिलांपुढे ठेवा. पुढच्या वर्षापासून मात्र खरं उत्पन्न दाखवा.

मुदतीकडे नीट लक्ष द्या. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. तुमचे साडेचार महिने गेले, सहा आठवडे उरलेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. सोमवारी हॉस्पिटलातून एमएलसीची (अपघाताच्या रुग्णाची हॉस्पिटलने केलेली वैद्यकीय-कायदेशीर नोंद) प्रत आणि सगळी मूळ बिलं घ्या. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. उशिरा का आलात ते खरं खरं लिहा: शस्त्रक्रिया, महिनाभर अंथरुणावर, समोरच्याने तडजोडीचं बोलणं लावलं होतं. उशीर झाला एवढ्यावरून दावा बाद होत नाही. ठाण्यात दाद लागली नाही, तर पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज करा. पकड कमी झाल्याचं अपंगत्व प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून घ्या. दावा नाशिकच्याच जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधिकरणात दाखल होईल. वकील भरपाईत टक्केवारी मागत असेल तर दुसरा बघा, निकालाच्या रकमेत वाटा मागणं त्यांच्या व्यवसायाच्या नियमांत बसत नाही.

तुम्हाला वाटतंय की सभ्य माणसाला कोर्टात खेचणं बरं नाही. तुमचा हा संकोच मला कळतो, पण इथे तो घराला महाग पडतोय. गाडीचा थर्ड पार्टी विमा याच कामासाठी सक्तीचा केलेला आहे, आणि माणसाच्या इजेसाठी त्याला रकमेची मर्यादा नसते. सगळं रीतसर असतं तर पैसे कंपनीने दिले असते, मालकांनी नाही. त्यांची घाई बहुधा लर्निंग लायसन्समुळे आहे. चालवणाऱ्याकडे योग्य परवाना नसेल, तर कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालयं देतात. मालकांची भीती खरी आहे. पण ती दीड लाखात मिटवून देणं ही तुमची जबाबदारी नाही. तडजोड करायचीच असेल तर ती दावा दाखल झाल्यावर लोक अदालतीत, न्यायाधीशांसमोर करा. तिथेही वर्षं वाचतात, आणि आकडा मोजूनमापून ठरतो.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते. ती कार आणखी वेगात असती तर?

तुमच्या तीन एंडोमेंट पॉलिसी आहेत. वर्षाचा हप्ता ९६ हजार, तिन्हींचं मिळून विमा संरक्षण १४ लाख. गृहकर्ज २२ लाख बाकी. म्हणजे तुमच्यामागे पत्नीच्या हातात १४ लाख आले असते आणि बँकेला २२ द्यायचे राहिले असते. महिन्याला आठ हजार भरून ही सोय झाली आहे! पाच-साडेपाच टक्के परतावा देणाऱ्या या पॉलिसी 'विमाही आणि बचतही' म्हणून गळ्यात मारल्या जातात, आणि दोन्हींपैकी एकही काम धड होत नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त राग आला तो या ओळीचा. कारवाल्याचाही इतका आला नाही.

साधा टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा. इथेही ते निम्मं दाखवलेलं उत्पन्न नडणार. तुमच्या वयाला कंपन्या दाखवलेल्या उत्पन्नाच्या साधारण वीसपट विमा देतात, म्हणजे ७० लाखांपर्यंत. हप्ता पंधरा हजारांच्या आसपास. प्रस्तावात मनगटाची शस्त्रक्रिया न लपवता लिहा. दुसरा, वैयक्तिक अपघात विमा, २५ लाखांचा, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता हवाच. हाताने काम करणाऱ्याला हा भत्ता फार मोलाचा असतो. हा असता तर ऑपरेटरचा पगार बऱ्याच अंशी त्यातून निघाला असता. याला चार-पाच हजार. तिसरं, मेडिक्लेम. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. तुम्ही पाच हजारांची खोली घेतली, म्हणून बिलाच्या इतर बाबीही त्या प्रमाणात कापल्या गेल्या आणि ६५ हजार अंगावर आले. नूतनीकरणाच्या वेळी ही मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या आणि वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) जोडा. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. टर्म, अपघात विमा आणि टॉप-अप मिळून वर्षाला पंचवीस-तीस हजार. आज भरताय त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. टर्मची पॉलिसी हातात पडल्यावरच जुन्या दोन पॉलिसी पेड-अप करा (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा), तिसरीला दोनच वर्षं उरलीत, ती पूर्ण होऊ द्या.

तुमच्यासारखे पहाटे सायकल काढणारे आणखी वाचक असतील, त्यांच्यासाठी चार ओळी. धडक बसली की गाडीचा नंबर आणि जागेचे फोटो घ्या, स्वतःला जमत नसेल तर सोबत्याला सांगा. ११२ ला फोन करा. साधा मुका मार वाटला तरी दवाखान्यात 'रस्ता अपघात' अशीच नोंद करून घ्या, कारण कॉलरबोनचा तडा दुसऱ्या दिवशी कळतो. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातानंतरचे सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार रोकड न भरता होतात, योजनेतलं रुग्णालय कोणतं ते विचारा. जवळच्या दुकानाच्या सीसीटीव्हीतलं चित्रण त्याच आठवड्यात मागा, नंतर ते पुसलं जातं. एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून गाडीचा विमा चालू आहे का बघा.

रविवारी मालक आले की चहा द्या, आणि सांगा की वकिलांशी बोलल्याशिवाय सही करणार नाही. एवढंच बोला, चूक कोणाची यावर चर्चा नको. त्यांच्या गाडीच्या विमा पॉलिसीची प्रत मागा. आणि सायकलची मोडकी फ्रेम अजून गॅलरीत पडली आहे असं तुम्ही लिहिलंय, ती भंगारात देऊ नका. पंचनाम्याला लागेल.