"पुढच्या वर्षी येतो" हे पण ठरवणंच आहे

दादा, तुमचं पत्र मिळालं. मूळचे खानापूर तालुक्यातले, आता स्टुटगार्टला, घरात वहिनी आणि दोन मुलं, गावाकडं आईवडील आणि भाताची शेती, बहीण बेळगावात दिलेली. तुम्ही लिहिलंय की वडिलांनी जबरदस्तीनं इंजिनिअरिंगला घातलं, बेळगावात नोकरीला कन्नड आडवं आलं, मग पुणं, पुण्याच्या कंपनीनं जर्मनीला पाठवलं, आणि आता वहिनी परत यायला तयार नाहीत. सगळं खरं असणार. पण एवढ्या मोठ्या पत्रात "मी ठरवलं" असं एक पण वाक्य नाही हो, आणि मला वाटतं तुमची झोप उडालीय ती त्यामुळंच.

आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला हे जास्त कळायला पाहिजे. १९५६ ला आपण कुठल्या राज्यात जायचं ते आपण ठरवलं नाही, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण म्हणून कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूरच्या लोकांनी साहित्य संमेलन भरवायचं थांबवलं काय? शेतातली कामं सांभाळून मांडव घालतात, ग्रंथदिंडी काढतात, पाहुण्यांची जेवणं बघतात. कोर्टाचं कोर्टात, आपल्या हातातलं आपण करायचं, एवढं त्यांना कळतंय. तुम्ही पण कन्नड शिकत बसण्यापेक्षा पुणं निवडलं, त्यात काही वाईट नाही, आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी तेच केलं. पण निवडलं ते तुम्हीच.

आता वहिनींचं. त्या तयार नाहीत हे तुम्ही तीनचार ठिकाणी लिहिलंय, पण तुम्हाला स्वतःला यायचंय काय, ते कुठंच नाही. समजा उद्या वहिनी म्हणाल्या चला, तर सहा महिन्यांत तुम्ही तिथली नोकरी सोडून खानापुरात येऊन राहणार काय? उत्तर नाही असेल तर वहिनींचं नाव पुढं करणं आजपासून बंद करा, कारण गावात सासूच्या मनात त्यांच्याविषयी जी अढी बसतेय ती तुमच्यामुळं बसतेय.

आणि आईवडिलांना सांगून टाका. दरवर्षी "पुढच्या वर्षी येतो" म्हणताय आणि इकडं वडील पोरगा येणार म्हणून शेत खंडानं द्यायला तयार नाहीत, गुडघे दुखत असताना स्वतः बांधावर जातात, हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही ठरवत नाही म्हणून त्यांना पण काही ठरवता येईना. "बाबा, मी तिकडंच राहणार, वर्षातून एकदा येईन, शेत खंडानं द्या" एवढं बोलायला जड जाईल, आई रडेल, वडील चार दिवस बोलणार नाहीत, पण फोन तुम्हीच करायचा, बहिणीकडून निरोप नको.

त्या बहिणीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. वडिलांना दवाखान्यात नेते ती, औषधं आणते ती, तिचा स्वतःचा संसार आहे तरी शनिवार रविवार गावाला जाते ती, आणि तुम्ही पैसे पाठवता. पैसे लागतातच, त्याची किंमत कमी नाही, पण तिचा वेळ तुमच्या पैशानं फिटत नाही. वर तुमच्या पत्रात एक ओळ आहे की वाटणीच्या वेळी ती हक्कसोड करून देईल. कशावरून? विचारलंय काय तिला? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, आणि ती देणारच असं धरून चालणं मला तर अजिबात पटत नाही.

नागरिकत्वाचं पण असंच, फॉर्म आलाय म्हणून भरू नका. जर्मनीनं जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं ठेवायची मुभा दिलीय, पण भारत देत नाही, तिकडचं घेतलं की भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर येणंजाणं होतं, मतदान नाही. वारसानं आलेली शेतजमीन राहते, नवीन विकत घेता येत नाही, ते आता एनआरआय म्हणून पण येत नाहीच. हे सगळं वहिनींबरोबर बसून बोला, आणि नंतर "ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतलं म्हणून घेतलं" म्हणू नका.

कागदाची कामं तिथूनही होतात. कर्नाटक सरकारची जमिनीच्या नोंदींची 'भूमी' म्हणून साइट आहे, तिच्यावर उतारा बघता येतो, कन्नडमध्ये असला तरी सर्व्हे नंबर टाकून बघा आणि नावं कुणाकडून तरी वाचून घ्या. कुणाला पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायची असेल तर भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही करायची, आणि कागद इकडं पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, हे लोक विसरतात आणि मग धावपळ होते.

मुलांना मराठी येत नाही त्याला तिथली शाळा काय करणार, घरात तुम्ही कुठल्या भाषेत बोलता ते बघा.

या रविवारी आधी बहिणीला फोन करा. वडिलांची चौकशी नंतर, पहिल्यांदा तिला काय जमतंय, काय जमत नाही ते विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये कारणं सांगू नका.