पंचवीसचे बावन्न आणि भरलेली बाटली

सप्टेंबर सरत आला, पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले, की पहिलीतल्या मुलांच्या पालकांचे मला सल्ल्यासाठी येणारे फोन वाढतात. प्रत्येकाचे शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुधा एकच असतो. बालवाडीत तर सगळे येत होते, मग पहिलीत गेल्यावर मूल लिहायचे का टाळते, अंक आणि अक्षरे उलटी का काढते, त्याच्यात काही दोष तर नाही ना? या प्रश्नाला फोनवर उत्तर देणे मी टाळते, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन वह्यांमागे दोन अगदी निराळी कारणे असू शकतात. गेल्या काही वर्षांतली एक मुलगी या संदर्भात मला वारंवार आठवते. तिच्या आईच्या संमतीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, तिची हकीकत येथे सांगते. तिला आपण सई म्हणू.

सईला सहा वर्षे पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत पाळीने कामाला, आई एका पतसंस्थेत आणि घरी आजी. एका शनिवारी दुपारी आई राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर आली, तेव्हा तिने खुर्चीत बसण्याआधीच पिशवीतून तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. “मॅडम, तोंडी विचारलं की सगळं येतंय ओ हिला, पण लिहायला बसवलं की पोटात दुखतंय म्हणती,” ती म्हणाली. वहीत पंचवीसच्या जागी ५२, छत्तीसच्या जागी ६३ असे अंक होते आणि प्रत्येकाभोवती लाल गोल होता. ‘किरण’चे ‘कीरण’ झाले होते. काही ओळींत ३ आणि ६ यांची सरळ अदलाबदल झाली होती. शिकवणीच्या बाईंनी “एकदा कुणाला तरी दाखवून घ्या” असे सुचवल्यापासून आई रात्री मोबाइलवर डिस्लेक्सियाविषयी, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेविषयी, वाचत होती, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतर मुलांच्या सुबक वह्यांचे फोटो आले की तिची झोप उडत होती. बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली, की ऑगस्टमध्ये सईला लघवीला जळजळ होत होती आणि डॉक्टरांच्या औषधाने ती थांबली. मी ते टिपून घेतले आणि पुढे गेले. तिथे मी थांबायला हवे होते, हे मला दोन आठवड्यांनी कळले.

त्या दिवशी माझे सगळे लक्ष वह्यांकडे होते. सईशी अर्धा-पाऊण तास गप्पा मारल्या, तेव्हा रंकाळ्यावर बाबांच्या खांद्यावर बसून खाल्लेल्या कणसाची गोष्ट तिने सुरुवात, मध्य आणि शेवट असा नीट क्रम लावून सांगितली. कणीसवाल्याने लिंबू फिरवताना एक बी उडून बाबांच्या केसांत कशी पडली, हेही त्यात होते. चौकोन आणि त्रिकोण तिने पाहून व्यवस्थित काढले. पतंगाचा आकार मात्र वाकडा आला, आणि तो सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतो, म्हणून त्याची मला काळजी वाटली नाही. मग मी तिला पंचवीस लिहायला सांगितले. तिने ओठ हलवत “पंच” म्हटले आणि ५ काढला, मग “वीस” म्हटले आणि त्याच्यापुढे २ काढला, आणि माझ्याकडे पाहून हसली.

ते पाहताना तिच्या आईचा चेहरा उतरला होता, पण माझ्या दृष्टीने ही मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. पंचवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस या सगळ्या शब्दांत धाकटा अंक पुढे असतो, आणि लिहिताना मात्र तो मागे जातो. जी मुलगी कानाने ऐकलेले जसेच्या तसे कागदावर उतरवते, ती ५२च लिहिणार. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. ‘पंचवीस’ हा शब्द मुलांच्या तोंडून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तरीही त्या बदलामागची अडचण खरी होती आणि आजही ती प्रत्येक पहिलीच्या वर्गात बसलेली असते. ‘किरण’चेही तसेच आहे. कानाला ‘क’ आधी ऐकू येतो आणि ‘इ’ नंतर, पण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी द्यावी लागते. सई ती ऐकल्या क्रमाने उजवीकडे देत होती आणि शब्द दीर्घ होऊन बसत होता.

अंक उलटे होण्याविषयी मी आईला टेबलावरचा कप दाखवला. कपाचा कान डावीकडे वळवला काय आणि उजवीकडे वळवला काय, मुलाच्या लेखी तो कपच असतो. जन्मल्यापासून त्याने पाहिलेली प्रत्येक वस्तू अशीच असते. तोंड फिरवले की नाव बदलते, अशी त्याच्या आयुष्यातली पहिली वस्तू म्हणजे अक्षरे आणि अंक, आणि आपले ३ आणि ६ तर जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपे आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत ही गफलत इतकी सर्रास आढळते की केवळ तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. हातही अजून कच्चा असतो. मनगटातली आठ छोटी हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि सहाव्या वर्षीही ती सगळी पक्की झालेली नसतात. सई चार ओळी लिहून झाल्या की बोटे झटकत होती, त्यात आळस नव्हता.

एवढे ऐकल्यावर आईने विचारले, “मग पहिलीत नेमकं किती यायला पाहिजे?” हा प्रश्न मला फार आवडतो, कारण बहुतेक घरांत तो न विचारताच उत्तर धरून चाललेले असतात. लहान मुलांच्या वाचन-लेखनाचा आणि गणिताचा पाया पक्का करण्यासाठी २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस दोन अपेक्षा आहेत. वयाला साजेशा, पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये मुलाने वाचावीत, आणि ९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येऊन सोपी बेरीज-वजाबाकी करता यावी. या अपेक्षा वर्षाअखेरीच्या आहेत आणि आम्ही सप्टेंबरमध्ये बसलो होतो. वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का होण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसरीपर्यंतचा काळ दिला आहे, आणि तीन ते आठ हे वय एकाच पायाभूत टप्प्यात धरले आहे, म्हणजे पहिलीतले मूल बालवाडीतून तुटून आलेले धरलेले नाही. २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असे म्हटले आहे. सई मात्र शाळेतून आल्यावर दीड तास शिकवणीला बसत होती आणि रात्री आईसमोर पुन्हा १ ते १०० लिहीत होती.

मी शिकवणी थांबवायला सुचवले. लिखाण रोज दहा मिनिटांवर आणायचे आणि उरलेल्या वेळात आजीशी बोलायचे, पीठ मळायचे, शेंगा सोलायच्या, असे ठरले. शेंगा सोलण्याने बोटांना जे बळ येते, ते शंभरदा ‘क’ गिरवून येत नाही. गोष्ट सांगणे आणि ऐकणे यांतून जो शब्दांचा साठा होतो, त्याच्याच आधाराने मूल पुढे वाचते, कारण जो शब्द कधी कानावर पडलेला नाही, तो अक्षरे जुळवून वाचला तरी त्याला अर्थ लागत नाही. मुलांच्या अनुभवांतून शिक्षण फुलवण्याचा असा प्रयत्न याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात झाला, त्यामुळे कोल्हापूरच्या पालकांना तरी हे परके वाटू नये.

दोन आठवड्यांनी वह्या बऱ्याच शांत झाल्या होत्या, पोटदुखी मात्र तशीच होती. या वेळी सईबरोबर आजी आली होती. दप्तर उचलून तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “बघा की, हे दप्तर जाताना जेवढं जड, येताना बी तेवढंच. बाटली रोज भरलेली परत येती. पाण्याचा घोट घेत नाही पोरगी.” मी बाटली काढली. झाकण घट्ट होते आणि पाणी काठोकाठ होते. आणि मला लक्षात आले, की दोन्ही भेटींत सईने खोलीत आल्याबरोबर पहिला प्रश्न “बाथरूम कुठं आहे?” हाच विचारला होता आणि परत आल्यावर तिने दोन-दोन पेले पाणी प्यायले होते.

पुढचे तिने मातीची भांडीकुंडी मांडून खेळता खेळता सांगितले. बालवाडीत मावशी सगळ्यांना रांगेने नेत आणि सलवारीची नाडी बांधून देत. पहिलीत विचारून जायचे होते, आणि विचारायचे म्हणजे चाळीस मुलांसमोर उभे राहून बोलायचे. मधल्या सुट्टीत मोठ्या मुलींची गर्दी असे, कडी उंचावर होती आणि एकदा ती आत अडकून रडली होती. नाडीची गाठ सुटली नाही तर काय करायचे, हाही प्रश्न होताच. मग तिने स्वतःच एक उपाय काढला, की पाणीच प्यायचे नाही. सकाळी सव्वाआठला रिक्षात बसल्यापासून दुपारी अडीचपर्यंत ती लघवी रोखून धरत होती. त्या अवस्थेत बसलेल्या मुलीकडून सुबक अक्षराची अपेक्षा आम्ही सगळे करत होतो, आणि ऑगस्टमधल्या जळजळीची नोंद माझ्या वहीत तशीच पडून होती.

तिच्या वर्गशिक्षिकांना मी आईच्या परवानगीने भेटले. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते आणि ऐकून त्यांना वाईट वाटले. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी सुट्टी होण्याच्या पाच मिनिटे आधी मुलींना दोघी-दोघींनी पाठवायला सुरुवात केली आणि न बोलता परवानगी मागण्यासाठी करंगळी वर करण्याची खूण सगळ्या वर्गाला दिली. त्या म्हणाल्या, की सईखेरीज आणखी काही मुलींच्या बाटल्याही त्या आठवड्यापासून रिकाम्या होऊन घरी जाऊ लागल्या. घरी आईने नाडी काढून इलॅस्टिक घातले. आजीने डब्याचे झाकण उघडणे, बुटाचा पट्टा लावणे आणि “बाई, मला जायचंय” हे वाक्य मोठ्याने म्हणणे, अशी रोज संध्याकाळी तालीम घेतली. लघवीची तपासणी पुन्हा एकदा करून घेतली, ती ठीक आली. पोटदुखी दिवाळीच्या सुट्टीआधीच गेली.

म्हणून आता माझ्याकडे पहिलीतले मूल आले की वही बघण्याआधी मी दिवस विचारते: किती वाजता उठते, किती झोपते (या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते), डबा कोणाबरोबर खाते, शौचाला कुठे जाते, वर्गात कोणाचे नाव घेते. पहिल्या वर्षी मुलाला जे शिकायचे असते, त्यातला मोठा भाग या प्रश्नांत असतो. घरच्या माणसाशिवाय आपली गरज सांगता येणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चुकले तरी बाई रागावणार नाहीत असा भरवसा वाटणे, हे जमले नाही तर अक्षरांकडे लक्ष द्यायला मुलाजवळ काही उरत नाही.

याचा अर्थ प्रत्येक उलटे अक्षर सोडून द्यावे, असा नाही. मूल फळ्याजवळ जाऊन पाहत असेल किंवा डोळे बारीक करत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. पाठीमागून हाक मारल्यावर ओ देत नसेल किंवा वारंवार सर्दीने कान फुटत असेल, तर कान तपासावेत. ही दोन कामे पहिलीतच करावीत. बाहेरच्या माणसाला त्याचे बोलणे समजत नसेल, ‘कमळ’ आणि ‘कणीस’ एकाच आवाजाने सुरू होतात हे पुष्कळ खेळ खेळूनही ओळखू येत नसेल, किंवा घरात कोणाला वाचनाची अडचण असेल, तर तज्ज्ञांना लवकर भेटावे आणि मदत सुरू करावी. अध्ययन अक्षमतेचे निदान मात्र साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास केले जाते, कारण त्याआधी उशिरा उमलणारे मूल आणि खरी अडचण असलेले मूल यांच्यात फरक करणे कठीण असते. मदतीसाठी निदानाची वाट पाहायची नसते. पण सहा वर्षांच्या मुलीसमोर बसून तिच्या दोषाचे नाव मोबाइलवर शोधू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना वाचता येत नसले तरी आईचा चेहरा वाचता येतो.

पंचवीसचा प्रश्न आम्ही काड्यांनी सोडवला. खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधायच्या, जुड्या डाव्या हाताला आणि सुट्या काड्या उजव्या हाताला मांडायच्या, मग पाहून लिहायचे. डोळ्यांसमोर दोन जुड्या आधी दिसतात, त्यामुळे कान काही म्हणाला तरी हात २ आधी काढतो. डिसेंबरपर्यंत ५२चे २५ झाले. ३ अजूनही कधी कधी तोंड फिरवून उभा राहत होता आणि आई त्याला लाल गोल करत नव्हती.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. आता एकोणतीसला सई ३९ लिहिते, कारण तिला त्यात ‘तीस’ ऐकू येते आणि पुढे काहीतरी नऊसारखे असते एवढे आठवते. काय करू, असे ती विचारत होती. मी तिला तीन जुड्या मांडायला सांगितल्या आणि ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हे सईला सांगायला सांगितले. फोन तसाच चालू होता. पलीकडून रबर सुटल्याचा बारीक आवाज आला, काड्या फरशीवर पसरल्या आणि सई आजीला म्हणाली, “एक तू घे.”