एक स्टार आला तर...

गूगलवर आपल्या धंद्याला पहिला एक स्टारचा रिव्ह्यू पडला की उत्तर द्यायला हात शिवशिवतात, माहितेय मला. पण त्या रात्री काही लिहू नकोस. सकाळी चहा झाल्यावर लिही.

आमच्या होमस्टेबद्दल एकाने लिहिलं होतं, "सोलकढी पाणचट, गीझर बंद, मालक उर्मट." मी तिथल्या तिथे पंधरा ओळी खरडल्या. लाइट गेली होती, माझा काय दोष, वगैरे. वाचणाऱ्याला त्यातून काय कळलं? मालक उर्मट आहे, एवढंच! महिन्याभराने ते उत्तर बदललं: "गरम पाणी मिळालं नाही, चूक आमची. आता गॅस गीझर बसवलाय." सोलकढीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती चांगलीच असते.

उत्तर लिहायचं ते पुढच्या पाहुण्यासाठी. त्यात ग्राहकाचा फोन नंबर किंवा बिल टाकू नकोस. पैसे परत करायचे असतील तर त्यालाच थेट फोन लाव. तो 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायच्या आत.

गूगलला रिपोर्ट केलं म्हणून टीका उडत नाही. शिवीगाळ, बनावट मजकूर असं काही नियमाबाहेरचं असेल तरच ते काढतात. आणि पुतण्या-भाच्यांकडून पाच स्टार मागवू नकोस रे, लगेच ओळखू येतं. "रिव्ह्यू द्या, नाश्ता फुकट" हेसुद्धा गूगलच्या नियमात बसत नाही. जाताना पाहुण्याला नुसतं विचार, "काही राहिलं का आमच्याकडून?" निम्म्या तक्रारी तिथे पडवीतच निघतात.