माणदेश, माण आणि माढा: कोण कुठे?

प्रश्न असा आला आहे: ‘निवडणुका आल्या की बातम्यांत माण, माढा आणि माणदेश ही तिन्ही नावं आलटून पालटून ऐकू येतात. माणदेश हा मतदारसंघ आहे का? ही तिन्ही एकाच भागाची नावं आहेत का? आणि लिहायचं माणदेश की मानदेश?’

माणदेश नावाचा मतदारसंघ नाही आणि कधी नव्हताही. तालुका नाही, जिल्हा नाही, संस्थानही नव्हतं. हे नदीवरून पडलेलं नाव आहे. माण तालुक्यात कुळकजाईच्या डोंगरात माण नदी उगम पावते, लोक तिला माणगंगा म्हणतात. दहिवडी, म्हसवड असं करत ती आटपाडी तालुक्यात शिरते, पुढे सांगोल्यातून जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा माळरानाचा मुलूख म्हणजे माणदेश. खटाव आणि जतचे काही भागही लोक त्यात धरतात. तिथे जरा सैल राहावं, कारण अशा नावांना हद्दीचे दगड नसतात.

‘देश’ म्हटलं की आज आपल्याला राष्ट्र आठवतं. पण कोकणातला माणूस घाट चढून ‘देशावर’ जातो, तेव्हा तो पासपोर्ट काढत नाही. खानदेशातला देशही त्याच जातीचा. एका तऱ्हेची जमीन आणि एका तऱ्हेचं हवामान असलेला मुलूख, एवढाच त्याचा अर्थ. नदीवरून मुलूख ओळखायची आपली सवय तर जुनीच आहे: भीमथडी, गंगथडी. माणदेशाची तऱ्हा म्हणजे पर्जन्यछाया. पाऊस 500 मिलिमीटरच्या आगेमागे, तोही बेभरवशाचा. त्यामुळे मेंढरं, खिलार जनावरं, बाजरी आणि पोटासाठी मुलूख सोडणं. आटपाडी-खानापूरकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पसरले आहेत, त्याची मुळं या कोरड्या जमिनीत आहेत.

आता राजकारण. हा मुलूख अलीकडच्या काळात तरी एका राज्यकर्त्याच्या हाती सलग राहिला नाही. इंग्रजी अमलात माण तालुका सातारा जिल्ह्यात होता आणि सांगोला सोलापुरात. मधलं आटपाडी औंध संस्थानात होतं, जतला डफळ्यांचं संस्थान. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये संस्थानाला घटना देऊन कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवला. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवणारी स्वतंत्रपूरची वसाहत त्याच काळातली, आटपाडीजवळचीच. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, त्यानंतर त्याचे तुकडे पडले: औंध गाव खटाव तालुक्यात, म्हणजे साताऱ्याकडे राहिलं आणि आटपाडी नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली. तोच 1960 पासून सांगली जिल्हा. म्हणजे नदी एक आणि कलेक्टर तीन.

मतदारसंघांनी हीच चीर पुढे नेली. माण आणि सांगोला हे विधानसभेचे मतदारसंघ आज माढा लोकसभेत आहेत, तर आटपाडी खानापूर विधानसभेतून सांगली लोकसभेत मोडते. माढा हा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत जन्मला. त्याआधी राखीव असलेला पंढरपूर लोकसभा मतदारसंघ होता, तो गेला. नव्या माढ्यात सोलापूरचे करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि साताऱ्याचे फलटण, माण असे सहा विधानसभा मतदारसंघ आले. 2009 मध्ये तिथून शरद पवार निवडून आले, 2014 मध्ये विजयसिंह मोहिते-पाटील, 2019 मध्ये रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि 2024 मध्ये धैर्यशील मोहिते-पाटील.

ज्या माढ्याचं नाव या मतदारसंघाला मिळालं, ते गाव मात्र माणदेशात नाही. माढा तालुका भीमा-सीनेकडचा, उजनीच्या पाण्यावरचा. माळशिरस आणि फलटणला नीरेचा कालवा. तिथे ऊस, साखर कारखाने आणि कारखान्यांभोवती फिरणारं राजकारण. म्हणून ‘माढा म्हणजे माणदेश’ असं लिहिणाऱ्या वार्ताहराने एकदा अकलूजहून म्हसवडपर्यंत एसटीने जावं. खिडकीतून फरक कळेल.

‘माण’ या नावातही गोम आहे. निवडणूक आयोगाच्या यादीत मतदारसंघाचं नाव नुसतं ‘माण’. 2008 च्या आधी खटाव हा वेगळा मतदारसंघ होता आणि माण राखीव होता. पुनर्रचनेत खटावचं नाव यादीतून गेलं, पण लोकांच्या तोंडून गेलं नाही. सभेत, फलकावर, चहाच्या टपरीवर ‘माण-खटाव’च चालतं. पलीकडेही यादीत ‘खानापूर’ आणि बोलण्यात ‘खानापूर-आटपाडी’. आपल्या तालुक्याचं नाव गाळलेलं लोक खपवून घेत नाहीत, आणि मतं मागायला आलेला उमेदवार तर नाहीच नाही.

मग इतके तुकडे होऊनही ‘माणदेश’ हा शब्द राजकारणात टिकला कसा? व्यंकटेश माडगूळकरांच्या 1949 च्या ‘माणदेशी माणसं’मुळे तो पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत पोचला, हे खरं. पण प्रचारसभेत तो टिकला तो पाण्यामुळे, असं माझं मत आहे. कृष्णेचं पाणी उचलून इकडे आणायचं तर एका आमदाराचं काम नव्हे, कारण टेंभूसारख्या योजनेची वाट सातारा, सांगली, सोलापूर अशी तिन्ही जिल्ह्यांतून जाते. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली आणि आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, त्या मतदारसंघांच्या रेषा ओलांडूनच. समन्यायी पाणीवाटप हा शब्द तिथल्या साध्या शेतकऱ्याच्या तोंडी बसला तो त्या परिषदांतून. गणपतराव हे सांगोल्याचे, शेतकरी कामगार पक्षाचे. 1962 पासून एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेले. 1972 आणि 1995 च्या निवडणुकांत तेही पडले होते. लाल बावट्याचा हा गड साखरपट्ट्याला लागून असूनही त्याच्यासारखा कसा झाला नाही, याचं एक उत्तर माणदेशाच्या कोरड्या मातीत आहे.

बोलीचं म्हणाल तर 2022 मध्ये तिची सगळ्या राज्याला ओळख झाली. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.’ डोंगर न म्हणता ‘डोंगार’, शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वर असा ओढलेला. राजकारण बाजूला ठेवा, बोलीचा इतका नेमका नमुना ध्वनिमुद्रित होऊन घराघरांत जाणं विरळाच.

राहिला ण की न. लिहायचं ‘माणदेश’. गावाकडे बोलताना ‘पानी’सारखाच ‘मान’ ऐकू येतो, आणि रोमन लिपीतलं नाव तर ‘मॅन’ असंही वाचलं जातं, पण लेखी रूप ण चंच. व्युत्पत्तीत एक वाट प्राचीन मानपूरकडे जाते. मानांक राजाच्या राष्ट्रकूट घराण्याची ती राजधानी, आणि ती माण परिसरातच होती असं वा. वि. मिराशींचं मत होतं. ते सर्वमान्य नाही. मात्र न चा ण होणं मराठीला अगदी घरचं आहे: पानीय–पाणी, स्थान–ठाणे, खनि–खाण. तेव्हा ध्वनीच्या बाजूने तरी मानपुराला अडचण नाही.

आणि ‘माणदेशचे खासदार’ असं लिहू नये. माणदेशाला खासदार दोन लागतात, माढ्याचे आणि सांगलीचे. माढा आकारान्त असल्याने त्याचं ‘माढ्याचे’ होणारच. माणदेशाला मात्र ‘माणदेशचा’ आणि ‘माणदेशाचा’ दोन्ही चालतात, जसं ‘खानदेशची केळी’ आपण बिनदिक्कत म्हणतो.