जुळं आहे, एकदा कळा येऊन थांबल्या, आता पुढं काय?

"मॅडम, कळा येऊन गेल्यात, आता कधीपण होईल काय?" जुळं असलेल्या बायका हे इतक्यांदा विचारतात की एकीचं सांगतेच, ओळख लागणार नाही इतपत बदलून.

सासर कोल्हापुरात राजारामपुरीत, माहेर गारगोटीकडं. 30व्या आठवड्यात एका रात्री पोट सारखं टाईट व्हायला लागलं, कंबर भरून आली म्हणून ऍडमिट केलं, कळा थांबवायच्या गोळ्या झाल्या, स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, कळा बसल्या आणि घरी सोडलं. घरी आल्यावर मात्र हिनं अंथरूणच धरलं. आत्ती, म्हणजे सासूबाई, ताट खाटेवर आणून देणार, नवरा ऑफिसातनं सारखा फोन करणार, आणि ही उशाला दुरेघी वही ठेवून पोट टाईट झालं की वेळ लिहिणार. चेकअपला आली तीपण वही घेऊनच, डॉक्टरनी माझ्याकडं पाठवलं.

वही मी सगळी वाचली. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, टेन्शन घ्यायचं कारण आहेच की तिला. नोंदींची गर्दी सगळी संध्याकाळची. विचारलं, दिवसभरात पाणी किती पितेस? ही गप्प. शेवटी आत्तीच म्हणाल्या, "लघवीला उठाय नको म्हणून पाणीच पीत नाही ओ ही."

आता बघा, उठायला नको म्हणून पाणी बंद, आणि पाणी कमी पडलं की पोट आणखीनच टाईट होऊ शकतं, वर लघवीचं इन्फेक्शन झालं तर त्यानंपण कळा सुरू होतात. डॉक्टरनी लघवी तपासली, नॉर्मल निघाली, आणि पाणी वाढवल्यावर संध्याकाळच्या नोंदी बऱ्याच कमी झाल्या.

तिच्या डोक्यात दुसरं एक बसलेलं, की इंजेक्शन दिलं म्हणजे डिलिव्हरी जवळ आली. तसं नसतं. वेळ आलीच तर बाळांची फुफ्फुसं तयार असावीत म्हणून ते आधीच देऊन ठेवतात, आणि गोळ्यांनी कळा दोनेक दिवस लांबवतात ते त्या इंजेक्शनाला काम करायला वेळ मिळावा म्हणून. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी 29 मिलिमीटर होती, 25 च्या खाली गेली की काळजी जास्त. नुसतं पडून राहिल्यानं डिलिव्हरी लांबते असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती वाढते. हे डॉक्टरनी स्वतः सांगितलं तेव्हा कुठं आत्तींनी ताट खाटेवर न्यायचं बंद केलं.

अवेळी कळा म्हणून ऍडमिट झालेल्यांपैकी साधारण निम्म्या बायका दिवस भरूनच बाळंत होतात. पण हे सगळ्या गरोदर बायकांचं झालं, जुळ्याचं गणित वेगळं, गर्भाशय जास्त ताणलेलं असतं आणि निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आधीच येतात. म्हणून तिला मी 'काही होणार नाही' असं एकदाही म्हणलं नाही. कधी निघायचं ते पक्कं केलं: तासात सहा किंवा जास्त कळा, पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळांची हालचाल कमी वाटणं, किंवा डोकं जोरात दुखून डोळ्यापुढं अंधारी येणं, यातलं काहीही झालं की फोनवर चर्चा करत बसायचं नाही, थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108. आणि डिलिव्हरीला गारगोटीला जायचा बेत रद्द, लहान बाळांचं एनआयसीयू (अतिदक्षता विभाग) जवळ आहे तिथंच राहायचं. माहेरचे जरा नाराज झाले, होऊ देत.

37 आठवडे झाले, कळांचा पत्ता नाही. आता हीच विचारतेय, "मॅडम, आता का येईनात ओ?" दोघांच्या वारा (प्लॅसेंटा) वेगळ्या होत्या, तरी 38 च्या पुढं जुळ्यात धोका वाढत जातो म्हणून डॉक्टरनी तारीख दिली, वार एकच असती तर आणखी आधी दिली असती. आत्तींचा हट्ट, नऊ महिने नऊ दिवस भरू देत की! शेवटी दिलेल्या तारखेलाच बाळंत झाली, एक बाळ 2.4 किलोचं, दुसरं 2.2, दोघंही आईजवळच. आत्ती अजून म्हणतात, थांबला असता तर पावशेर तरी वजन वाढलं असतं.