विचारा, मावशी सांगते : लाटणं घेऊन स्टेजवर

प्रश्न : मावशी, नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत ती मृणाल गोरे यांच्यावर बोलणार आहे. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ हे वाक्य तिला फार आवडलंय. ताईंची अशीच चार-पाच चटकदार वाक्यं सांगाल का?
– एक आई, प्रतापनगर

उत्तर : आधी हे वाक्यच नीट लावून घेऊ. ते मृणालताईंचं नाही, त्यांच्याबद्दलचं आहे. गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी त्या भांडत राहिल्या, १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या, आणि लोकांच्या तोंडी ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७७ला आणीबाणी संपली, ताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. लोकांनी दोन्ही निकाल एका ओळीत बसवले. पोरगी ‘मृणालताई म्हणाल्या’ असं बोलून गेली, तर परीक्षकांत बसलेला एखादा जुना समाजवादी तिला तिथंच टोकेल. ती मंडळी सोडत नाहीत हो!

ताईंची खरी चलाखी मला विचाराल तर लाटण्यात होती. १९७२चा दुष्काळ, तेल-साखर-धान्य सगळंच महाग. समाजवादी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर, दोघींनी पक्ष बाजूला ठेवून बायकांना रस्त्यावर आणलं, हातात लाटणी देऊन. तोवर लाटणं कुठं दिसायचं? नवरा-बायकोच्या शिळ्या विनोदात. तेच सरकारपुढे उगारलं. आता हसायचं कुणी, आणि पोलिसांनी जप्त तरी काय करायचं?

थाळ्याही वाजल्या. आम्ही तेव्हा इथं नागपुरात, महाल भागातल्या वाड्यात राहायचो. माझ्या आईनं पेपरात वाचलं आणि रात्री एकटीच गॅलरीत जाऊन पितळी परात बडवायला लागली. समोरच्या आजी धावत बाहेर आल्या, ‘‘काहून वं, गिराण (ग्रहण) लागलं का?’’ आई म्हणाली, ‘‘लागलं ना, तेलाला!’’ दुसऱ्या रात्री आजींची थाळी आमच्याआधी सुरू. त्या परातीच्या काठाला पोचा आहे, अजून त्यातच कणीक भिजवते मी.

मुलीला एक गोष्ट मात्र ठासून सांगायला लावा. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८६ साली मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर आमदारानं स्वतः आणलेलं विधेयक, मांडलं. १९८८ला महाराष्ट्रात कायदा झाला, देशात पहिला. केंद्राचा कायदा आला १९९४ला. लाटण्याला टाळ्या पडतात, पण आठवीतल्या मुलीनं बोलायचं ते हे.

नागपूरचा धागा हवा असेल तर आमदार म्हणून, पुढे विरोधी पक्षनेत्या म्हणूनही ताई हिवाळी अधिवेशनाला इथल्या विधानभवनात यायच्या. आणि आपल्या नागपूरनं तर १९५२लाच अनसूयाबाई काळेंना लोकसभेवर पाठवलं होतं. त्यांचं नाव शाळेतल्या पोरींना विचारून बघा एकदा. जाऊ द्या, तो वेगळा राग आहे.

भाषणाला जाताना घरचं लाटणं पिशवीत टाकून द्या. सुरुवातीला काही न बोलता टेबलावर ठेवू दे, मग बोलू दे. आयोजकांना तेवढं आधी विचारून ठेवा. आणि येताना आठवणीनं परत आणायला सांगा, नाहीतर रात्री पोळ्या कशानं लाटाल?