चौथ्या सेंटरच्या आधी दादाचे कान तपास

पत्र बडोद्याहून आलंय, मांजलपूरला सासर असलेल्या एका बहिणीचं. मोठा भाऊ, वय 44, दांडिया बाजारच्या जुन्या घरात आईबरोबर राहतो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, अकरा वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून कापणाऱ्या मशीनवर होता, मग काम सुटलं. गुजरातेत दारूबंदी आहे तरी दारू मिळते आणि तो रोज पितो. तीन वेळा व्यसनमुक्ती सेंटरला ठेवून झालं, तिन्ही वेळा घरी आल्यावर महिन्याभरात परत सुरू, पैसे दरवेळी हिनेच भरले. ती लिहिते:

"आता सहा महिने एखाद्या कडक सेंटरला टाका असं सगळे म्हणतात, आई म्हणते तोवर खोलीत कोंडून ठेवू. त्याला सुधारायचंच नाहीये. ग्रुपमध्ये कौन्सिलर बोलतात आणि हा नुसती मान हलवतो, काही विचारलं की भलतंच उत्तर देतो, तिन्ही ठिकाणच्या कागदावर 'सहकार्य करत नाही' असंच लिहिलंय. घरी टीव्ही इतका मोठा लावतो की शेजारी भिंत ठोकतात. आईनं स्वयंपाकघरातून कितीही हाका मारल्या तरी ढिम्म, पण समोर बसून पैशाचं बोललं की बरोबर ऐकू येतं. गणपतीत आरतीलासुद्धा येत नाही आता. मी थकले. काय करू?"

अगं, तू थकलीस हे दिसतंय, पण आज मी त्यावर बोलणार नाही. टीव्हीचं वाक्य तू तक्रारींच्या रांगेत टाकलंस आणि पुढे निघून गेलीस, मी तिथेच अडकले. अकरा वर्षं पॉवर प्रेस, टीव्ही मोठा, विचारलं एक की उत्तर भलतंच. तुझ्या दादाला नीट ऐकू येत नसणार गं! पत्रावरून निदान होत नाही हे मला कळतं, पण तीन सेंटरं झाली, तिन्हीकडे रक्त तपासलं असेल, लिव्हर बघितलं असेल, कान एकानेही बघितले नाहीत आणि घरातही कुणाच्या मनात आलं नाही, याचा मला खरंच राग आलाय. तुझाही आलाय.

पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला मर्यादा 90 ची आहे, पण कानाला धोका 85 पासूनच धरतात. रोज तिथे उभं राहिलं की कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मरत जातात आणि त्या परत येत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीच्या, 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे माणसाला आवाज येतो, हाक मारली हे कळतं, पण स, फ, त, क असली अक्षरं गळतात, सोड, फोड, तोड सगळं सारखंच लागतं, मग तो अंदाजाने उत्तर देतो आणि आपण म्हणतो बघा कसा बोलतो. टीव्ही मोठा करतो तो याच्यासाठीच, आणि मोठा करूनही शब्द स्वच्छ होत नाहीत म्हणून अजून मोठा करतो.

आता "पैशाचं बरोबर ऐकू येतं" हे घे, कारण मला यानेच सगळ्यात वाईट वाटलं. तूच लिहिलंयस ना, समोर बसून. समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसतात, चेहरा दिसतो, खोलीत दुसरा आवाज नसतो, तेव्हा अशा माणसाला बरंच समजतं. आई स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा कुकरची शिट्टी, नळ, मध्ये भिंत, आणि आईचं तोंडही दिसत नाही. दोन्हीकडे कान तेच आहेत. आणि आरतीला झांजा, टाळ्या, दहा जणांचं एकदम बोलणं, तिथे कुणी काही विचारलं तर काय उत्तर देणार तो? माणूस दोनदा "काय?" म्हणतो, तिसऱ्यांदा लाजेने मान हलवतो, मग जाणंच सोडतो.

सेंटरमधला हॉल डोळ्यासमोर आण. पंचवीस-तीस पुरुष गोल करून बसलेत, वर पंखे घरघरतायत, कौन्सिलर बोलता बोलता फळ्याकडे तोंड करतो, आणि जो आपली गोष्ट सांगतोय तो खाली मान घालून पुटपुटतोय, कारण लाजेचं कुणी मोठ्याने सांगत नाही. दादा तिथे तीन वेळा बसून आला. त्याच्यापर्यंत यातलं किती पोचलं असेल? तुझा पैसा जेवणखाणाला आणि औषधाला लागला, बोलण्याचा भाग त्याला बहुतेक मिळालाच नाही.

1990 मध्ये अँड्र्यूज, बोंटा आणि होज या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी गुन्हा केलेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी तीन गोष्टी मांडल्या. धोका किती आहे ते बघा, गरज कुठली आहे ते बघा, आणि हा माणूस मदत कशी घेऊ शकतो ते बघून त्याप्रमाणे ती द्या. वाचता येत नसेल तर वही देऊ नका, ऐकू येत नसेल तर भाषण देऊ नका. ही तिसरी गोष्ट आपल्याकडे बहुतेक गाळतातच, एकच टाइमटेबल सगळ्यांना, आणि जो त्यात बसत नाही त्याच्या कागदावर सहकार्य नाही असा शेरा.

म्हणून एकच काम सांगते, या आठवड्यातच कर. दादाला सयाजी हॉस्पिटलच्या कानाच्या ओपीडीत घेऊन जा. सकाळी, तो धड असताना. डॉक्टर आधी मळ वगैरे बघतील, मग ऑडिओमेट्री करायला सांग. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे बारीक बारीक आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं, बस, ना कुणी ओरडत ना लेक्चर. ग्राफ हातात येतो आणि 4000 पाशी खड्डा असेल तर तुलासुद्धा दिसेल. रात्री कानात रातकिडा वाजल्यासारखं होतं का ते त्याला विचार, आवाजाने कान गेलेल्यांना हे होतं, झोप लागत नाही, आणि झोपेसाठी पिणारे मी पुष्कळ ऐकलेत. डॉक्टरला दारूचं खरं सांगा, बंदीच्या भीतीने लपवू नका.

कानाचं मशीन लागलं तर ऑडिओलॉजिस्टकडूनच, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडूनच बसवून घे, ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते नको, ते सगळाच गोंगाट वाढवतं. उत्पन्न कमी असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत, चौकशी कर. दादाचं जुनं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं कार्डही शोध, कामावरच्या आवाजाने गेलेले कान या विम्याच्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांत धरलेत.

नीट ऐकू यायला लागलं की दारू सुटेल असं मी म्हणत नाहीये. दारूचे उपचार वेगळे लागतीलच, पण ते त्याच्या मापाचे, म्हणजे एकट्याला बसवून, लहान खोलीत, पंखा बंद, समोरासमोर, आणि महत्त्वाचं ते लिहून हातात. ऑडिओमेट्रीचा कागद पुढच्या कौन्सिलरच्या टेबलावर आधी ठेव आणि हे मिळणार का असं सरळ विचार. नाही म्हणाले तर तिथे भरती करू नकोस.

खोलीत कोंडणं अजिबात नको, हे आईला आजच सांग! रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. ते डॉक्टरच्या हाताखालीच व्हायला हवं. आणि कडक सेंटर म्हणजे नक्की काय ते विचार, कारण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि माणसाला साखळीने बांधायला तिथे पूर्ण बंदी आहे.

दादाशी बोलताना टीव्ही बंद कर, खुर्ची त्याच्या समोर ओढून बस, उजेड तुझ्या तोंडावर येऊ दे, ओरडू नकोस, सावकाश बोल. दारूचा विषय काढू नकोस. दादा, तुझे कान तपासून घेऊया, मी येते बरोबर, एवढंच म्हण. चिडला तर दुसऱ्या दिवशी परत विचार. आणि ग्राफ आला की फोटो काढून मला पाठव, सेंटरला काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.